मेफेअरच्या टेबलावरचा बटाटा

लंडनमध्ये कोणाला चांगलं रेस्टॉरंट विचारलं की लोक इटालियन सांगतात, जपानी सांगतात, हल्ली पेरू देशाचं पण सांगतात, आणि आपल्यातले असतील तर इंडियन फाइन डाइनिंगची यादीच हातात ठेवतात. ब्रिटिश किंवा आयरिश जेवायला जा असं मला आजवर कोणीच सांगितलं नव्हतं. ब्रिटिश जेवण म्हणजे फिश अँड चिप्स, उकडलेल्या भाज्या आणि वरून तपकिरी ग्रेव्ही, हे इतक्या ठामपणे बोललं जातं की खाऊन बघायची गरजच कोणाला वाटत नाही. मला हे आता अजिबात पटत नाही आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहायचंय, कारण गेल्या ऑक्टोबरात आम्ही मेफेअर या लंडनच्या श्रीमंत भागातल्या एका ब्रिटिश-आयरिश रेस्टॉरंटमध्ये दुपारी जेवलो आणि तेव्हापासून मी या विषयात पुरती अडकले आहे.

आम्ही म्हणजे मी, नवरा आणि त्याची मोठी बहीण, आमच्या ताई. ताई पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं फक्त. नवरा सगळं खातो, मी बीफ सोडून सगळं. म्हणजे एकाच टेबलावर तीन तऱ्हा, आणि महागड्या जागी अशी मंडळी घेऊन जायचं तर आधी थोडी तयारी लागते, त्याबद्दल पुढे लिहिते.

जागेबद्दल थोडक्यात. पांढरे शुभ्र टेबलक्लॉथ, जाड कटलरी, गडद लाकूड, शेजारच्या टेबलावरचं बोलणं ऐकू येणार नाही इतकं अंतर. जॅकेटची सक्ती नव्हती. वाढणारी मंडळी शांत आणि कशाबद्दलही विचारा, नीट समजावून सांगणारी, हे मला फार आवडलं, कारण मी प्रश्न खूप विचारते.

बसल्या बसल्या ब्रेड आला आणि माझ्यासाठी जेवण तिथेच सुरू झालं. आयरिश सोडा ब्रेड, गडद तपकिरी, वरची कड खडबडीत, त्यावर ओट्स चिकटलेले, सुरी लावली की कडेचा चुरा ताटलीत पडतो आणि आत मात्र ओलसर, मऊ, थोडासा आंबूस. सोबत खारं लोणी, ते पण इतकं पिवळं की ताईंनी विचारलं यात रंग घालतात का. रंग वगैरे काही नाही, गायी वर्षातले बरेच महिने हिरव्या गवतावर चरतात त्यामुळे दुधात तो पिवळेपणा उतरतो. या ब्रेडची गंमत अशी की यात यीस्ट नसतं. आयर्लंडच्या दमट हवेत पिकणारा गहू मऊ, त्यात ग्लुटेन कमी, यीस्टने तो नीट फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात खायचा सोडा स्वस्तात मिळायला लागला, ताक तर घरोघरी असायचंच लोणी काढल्यावर उरलेलं, ताकाचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की गॅस होतो आणि पीठ फुलतं. म्हणून हे पीठ मळायचं नाही, हलक्या हाताने गोळा करायचा, वर सुरीने फुलीसारखी खोल खाच मारायची म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही, आणि लगेच भाजायला टाकायचं, उशीर केला की गॅस निघून जातो आणि ब्रेड दगड होतो. ज्या घरात ओव्हन नव्हता तिथे बास्टिबल नावाच्या झाकणवाल्या लोखंडी भांड्यात भाजायचे, खाली विस्तव आणि झाकणावर पण निखारे. पीठ, ताक, सोडा, मीठ, बस. गरीब शेतकऱ्याच्या घरचा रोजचा ब्रेड आहे हा, आणि मेफेअरमध्ये तो चांदीच्या सुरीसोबत येतो, आणि खरं सांगते, त्या दिवशीच्या पहिल्या तीन चवींत मी त्याला धरेन.

आणि मग माझ्या लक्षात यायला लागलं की त्या मेनूवरचं जवळजवळ सगळंच असं आहे. गरिबाच्या ताटातून आलेलं.

नवऱ्याने कालवं मागवली. बर्फावर आणि समुद्री शेवाळावर मांडून आली, लिंबू आणि बारीक चिरलेल्या कांद्याचं व्हिनेगर. इथे दोन प्रकार मिळतात, एक रॉक, जी वर्षभर असतात, आणि दुसरी नेटिव्ह, चपटी, गोल, हळू वाढणारी, जी सप्टेंबर ते एप्रिल एवढीच खातात कारण उन्हाळा हा त्यांचा अंडी घालायचा काळ. आयर्लंडमधली गॉलवेची नेटिव्ह फार नावाजलेली आहेत. तर ही कालवं, जी आज एकेक नग मोजून पैसे देऊन घ्यावी लागतात, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लंडनच्या गरिबांचं खाणं होती. मटण परवडत नाही म्हणून पाय (pie), म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजतात त्यात, कालवं भरायचे. मग इतकी उपसली आणि नद्यांची मुखं इतकी घाण झाली की साठे बसले, आणि उरली ती श्रीमंतांकडे गेली. मी एक खाल्लं, आधी नुसतं खारं पाणी वाटतं आणि नंतर धातूसारखी एक चव जिभेवर बराच वेळ रेंगाळते. रॉकपेक्षा खूप वेगळं.

तर मग हे जेवण बदनाम कसं झालं? माझं ठाम मत आहे की लोक ज्याला ब्रिटिश जेवण म्हणून नावं ठेवतात ते खरं तर रेशनवरचं जेवण आहे. दुसऱ्या महायुद्धात जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि मांसावरचं शेवटचं बंधन उठलं ते जुलै १९५४ मध्ये. साडेचौदा वर्षं! लोणी, अंडी, मांस, साखर, चीज सगळं कार्डावर. एवढ्या वर्षांत एक अख्खी पिढी मोठी झाली जिला आजीच्या हातची रेसिपी माहीत असली तरी ती करायला सामान नव्हतं, आणि पुढे लगेच डबाबंद आणि फ्रोजनचा जमाना आला. चीजचं तर फारच वाईट झालं, दूध सरकारी नियमाने एकाच ठरावीक कडक चेडरसाठी वळवलं गेलं आणि गावोगावची वेगवेगळी चीज बंद पडली ती बरीचशी कायमची. त्याच्याही आधी कारखानदारीमुळे लोक शेत सोडून शहरात आले होते, म्हणजे मातीशी नातं आधीच तुटलेलं. एवढं सगळं झाल्यावर एखाद्या देशाचं जेवण बेचव होणारच की. त्यात तिथल्या रांधणाऱ्या बायकांच्या हाताचा दोष काढणं मला अन्यायाचं वाटतं.

ते परत उभं करणारी काही माणसं आहेत आणि त्यांची नावं आपल्याकडे फारशी माहीत नसतात म्हणून लिहिते. आयर्लंडमध्ये मर्टल ॲलन, कॉर्क काउंटीतल्या एका शेतकऱ्याच्या पत्नी. त्यांनी १९६४ मध्ये बॅलीमलू हाउस या आपल्या राहत्या घरात जेवणाचं रेस्टॉरंट सुरू केलं, जवळच्या बॅलीकॉटन बंदरावर जी मासळी येईल आणि शेतात जे असेल त्यावर रोजचा मेनू ठरायचा. आज सगळे शेफ हेच बोलतात, पण तेव्हा चांगलं हॉटेल म्हणजे फ्रेंच असा काळ होता. १९७५ मध्ये त्यांना मिशेलिन स्टार, म्हणजे रेस्टॉरंटच्या जगातला मोठा मान, मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या आयरिश महिला. आणि लंडनमध्ये फर्गस हेंडरसन, शिक्षणाने आर्किटेक्ट, यांनी १९९४ मध्ये स्मिथफील्डच्या मटण मार्केटजवळ, जिथे पूर्वी बेकन धुरी देऊन टिकवायचे अशा जुन्या इमारतीत सेंट जॉन सुरू केलं. त्यांची सगळ्यात गाजलेली डिश म्हणजे भाजलेली नळीची हाडं आणि पार्सलीचं सॅलड. टोस्ट, जाड मीठ, नळीतला मगज काट्याने काढून टोस्टवर पसरायचा. डुक्कर किंवा बैल कापला तर त्याचं नाकापासून शेपटीपर्यंत सगळं वापरायचं, नुसते महागडे तुकडे काढून बाकीचं टाकून द्यायचं नाही, हा त्यांचा विचार जगभर पसरला. हा विचार मला मनापासून पटतो, प्राणी मारायचाच असेल तर निदान वाया घालवू नये.

आम्ही बसलो होतो त्या जातीच्या जागेचं लंडनमधलं ठळक नाव म्हणजे रिचर्ड कॉरिगन, आयर्लंडच्या मीथ काउंटीतल्या छोट्या शेतावर वाढलेला माणूस, १९१६ पासून चालू असलेलं बेंटलीज हे कालवांचं जुनं ठिकाण आज तोच चालवतो, आणि मेफेअरमध्ये स्वतःचं वेगळं आहेच.

बरं, मेन कोर्स. नवऱ्याने ग्राउस घेतला. हा एक छोटा रानपक्षी, स्कॉटलंड, उत्तर इंग्लंडच्या माळांवर आणि आयर्लंडमध्ये हेदर नावाच्या झुडपाचे कोंब खाऊन जगतो, कोंबड्यांसारखा फार्ममध्ये वाढवता येत नाही, आणि ब्रिटनमध्ये शिकारीची परवानगी १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर एवढीच. मेनूवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मांसात बंदुकीचा छर्रा सापडू शकतो, सावकाश चावा. आमच्या ताटात खरंच एक निघाला, मोहरीएवढा काळा दाणा, नवऱ्याने तो ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि वाढणाऱ्या मुलीने बघितल्यावर ती हसून म्हणाली की म्हणजे पक्षी खरंच रानातला आहे. मांस गडद लाल, आत अजून गुलाबी, चवीला उग्र, थोडं कडवट, कलेजीची आठवण करून देणारं. सगळ्यांना आवडेल असं मी म्हणणार नाही. शिकारीबद्दल माझ्या मनात अजून प्रश्न आहेत, फक्त बंदुकीसाठी ते माळ जाळून राखले जातात यावर तिकडे पण बराच वाद चालू असतो, पण चव म्हणून विचाराल तर अशी चव मी दुसरीकडे कुठे घेतलेली नाही.

पण मला बोलायचंय ते त्यासोबतच्या ब्रेड सॉसबद्दल. दिसायला पांढरा गरगट, कोणाचं लक्षही जाणार नाही. दुधात कांद्याला टोचलेल्या लवंगा, बे लीफ, मिरी घालून ते दूध मंद गरम करून मुरत ठेवायचं, मग गाळून त्यात शिळ्या ब्रेडचा चुरा घालून दाट करायचं, वरून जायफळ. मध्ययुगात बरेच सॉस असे ब्रेडने दाट करायचे, त्यातला हा एक टिकून राहिला. आता मला सांगा, लवंग, जायफळ, मिरी असलेल्या जेवणाला मसाला माहीत नाही कसं म्हणायचं? लँकशायरकडे मोरकम बेच्या छोट्या तपकिरी कोळंब्या जायपत्री घातलेल्या लोण्यात बुडवून गोठवतात, पॉटेड श्रिंप म्हणतात, ती माझी स्टार्टर होती. गरम टोस्टवर ठेवली की लोणी वितळतं आणि आधी जायपत्रीचा वास येतो, कोळंबी नंतर. मसाला आहे, पण तो मागे उभा राहतो. मूळ पदार्थ पुढे. आपल्या जिभेला याची सवय व्हायला दोन घास जातात, मग कळायला लागतं.

आणि बटाटा. ताईंसाठी आणि मला सोबत म्हणून कोलकॅनन आलं होतं, म्हणजे कुस्करलेला बटाटा, त्यात शिजवलेली केल नावाची पालेभाजी, पातीचा कांदा, गरम दूध, आणि मधोमध खळगा करून त्यात लोण्याचं तळं. चमच्यावर घ्यायचं आणि त्या तळ्यात बुडवून खायचं, हीच पद्धत आहे. ताई एक घास खाऊन थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हा बटाटा कुठला आहे विचार ना." मी म्हटलं, "ताई, तुम्हीच विचारा, त्यांना आवडतं सांगायला." आणि त्यांनी विचारलं, आणि त्या मुलीने जात, शेत सगळं सांगितलं, वर हे पण सांगितलं की हॅलोविनला आयर्लंडमध्ये कोलकॅननमध्ये अंगठी लपवतात, ज्याच्या घासात येईल त्याचं लग्न आधी. ताईंनी ती लगेच मोबाईलमध्ये टाइप करून ठेवली, बटाट्याची जात, अंगठी नाही.

या बटाट्यामागे काय आहे ते आठवलं की घास जड होतो. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ८० लाखांहून जास्त लोक होते आणि त्यातले गरीब जवळपास पूर्णपणे बटाट्यावर, तोही बराचसा लम्पर नावाच्या एकाच जातीवर जगत होते. १८४५ मध्ये करपा आला, पीक जमिनीतच सडलं, एकदा नाही, परत परत, आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे १० लाख माणसं मेली आणि तितकीच किंवा जास्त जहाजात बसून देश सोडून गेली. त्याच काळात त्याच देशातून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती. आजही अख्ख्या आयर्लंड बेटाची, उत्तर-दक्षिण मिळून, लोकसंख्या १८४१ च्या आकड्याला पोचलेली नाही. म्हणून एखादा आयरिश शेफ लंडनच्या श्रीमंत भागात बटाटा हीच आपली मुख्य डिश म्हणून मांडतो तेव्हा मला ते फार मोठं वाटतं. क्लेअर स्मिथ, उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम काउंटीतल्या शेतावर वाढलेल्या, त्यांनी २०१७ मध्ये नॉटिंग हिलला कोअर सुरू केलं, २०२१ मध्ये तीन मिशेलिन स्टार मिळाले, आणि तिथली ओळख झालेली डिश म्हणजे एक बटाटा. शार्लट जातीचा, समुद्री शेवाळासोबत सावकाश शिजवलेला, वर ट्राउट आणि हेरिंगची गाबोळी, खाली डल्स घातलेला लोण्याचा सॉस. डल्स म्हणजे अँट्रिमच्या किनाऱ्यावर मिळणारं जांभळट शेवाळ, वाळवून चघळतात, ऑगस्टच्या शेवटी बॅलीकॅसलच्या जत्रेत आजही विकायला असतं. ही डिश मी अजून खाल्लेली नाही, पण लहानपणीचं घरचं जेवण जसंच्या तसं जगाच्या नजरेसमोर ठेवायला केवढा आत्मविश्वास लागतो.

आता ती तयारी, कारण आपल्या लोकांना याचा खरा उपयोग आहे. इथे मेनूवर शाकाहारी वाटणाऱ्या बऱ्याच गोष्टी शाकाहारी नसतात. रोस्ट पोटॅटो आणि यॉर्कशर पुडिंग चांगल्या जागी बऱ्याचदा बीफच्या चरबीत नाहीतर बदकाच्या चरबीत करतात, त्यांच्या मते चव त्यातच आहे. वाफवलेल्या पुडिंग आणि डंपलिंगमध्ये सुएट म्हणजे किडनीभोवतालची चरबी, ख्रिसमस पुडिंगमध्ये सुद्धा. वुस्टर सॉसमध्ये अँकोव्ही मासा. पारंपरिक चीजमध्ये प्राण्याचं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायला वासराच्या पोटातून काढतात ते. कायद्याने १४ ॲलर्जन्सची माहिती प्रत्येक रेस्टॉरंटला द्यावीच लागते, त्यामुळे लोकांना वाटतं आपण सुरक्षित, पण बीफची चरबी, जिलेटिन, रेनेट हे त्या १४ मध्ये येतच नाही! म्हणून बुकिंग करतानाच स्पष्ट लिहायचं, काय चालत नाही ते एकेक नाव घेऊन. आम्ही आधी ईमेल केली होती आणि ताईंसाठी वेगळा पूर्ण मेनू छापून ठेवलेला होता, भोपळ्याचं रॅव्हिओलीसारखं काही न करता भाजलेलं सेलरियाक (सेलरीच्या जातीचा कंद), रानातले मशरूम आणि ते कोलकॅनन.

चीजची ट्रॉली आली तेव्हा पोटात जागा नव्हती तरी घेतलं. स्टिल्टन फक्त डर्बीशर, लेस्टरशर आणि नॉटिंगहॅमशर या तीनच काउंट्यांत करता येतं, आणि ज्या स्टिल्टन गावावरून नाव पडलं ते गाव केंब्रिजशरमध्ये असल्यामुळे तिथे करता येत नाही. आयर्लंडकडचं कॅशेल ब्लू, टिपरेरीचं, स्टिल्टनपेक्षा मऊ आणि सौम्य, ज्यांनी निळं चीज कधी खाल्लं नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. मिलीन्स मात्र तीव्र, वास आधी येतो आणि चीज मागून, पण सत्तरच्या दशकात बेरा द्वीपकल्पावर व्हेरोनिका स्टील यांनी घरच्या दुधापासून ते करायला घेतलं आणि त्यातूनच आजची आयरिश फार्महाउस चीज उभी राहिली, तेव्हा एक तुकडा तरी खाच. स्टिकी टॉफी पुडिंग गोड खाणाऱ्यांना आवडेल, खजुरामुळे ओलसर असतं, मला जरा जास्तच गोड झालं.

पैशांचं. महाग आहे, यात काही लपवण्यासारखं नाही, पण दुपारचा सेट लंच रात्रीच्या मानाने बराच स्वस्त पडतो आणि किचन तेच असतं. मेनूवरच्या किमतीत व्हॅट धरलेला असतो, वर लंडनमध्ये साधारण १२.५ टक्के सर्व्हिस चार्ज लावतात, तो ऐच्छिक असतो, नको असेल तर काढायला सांगता येतो. आम्ही ठेवला, कारण १ ऑक्टोबर २०२४ पासून ती पूर्ण रक्कम कामगारांनाच द्यायचा कायदा आहे आणि त्या मुलीने खरंच खूप प्रेमाने सगळं सांगितलं होतं. पाण्याची बाटली घ्यायलाच पाहिजे असं नाही, टॅप वॉटर मागा, दारूचं लायसन्स असलेल्या जागांना ते फुकट द्यावंच लागतं. बुकिंगला कार्ड नंबर घेतात आणि ऐनवेळी रद्द केलं तर माणशी पैसे कापतात, तेवढी अट नीट वाचून घ्या.

पुढच्या वेळी मला हिवाळा संपताना जायचंय. यॉर्कशरमध्ये वेकफिल्डच्या आसपास ऱ्हुबार्ब, म्हणजे आंबट देठांची एक भाजी, अंधाऱ्या शेडमध्ये वाढवतात आणि मेणबत्तीच्या उजेडात काढतात म्हणजे देठ गुलाबी आणि कोवळे राहतात, जानेवारी ते मार्च मिळतात. आणि नाही जमलं तर मग एप्रिलच्या शेवटी, तेव्हा शतावरी आणि जर्सी रॉयल बटाटे दोन्ही एकदम असतात, आणि ताईंनी तर आत्ताच विचारलंय की तिकीट कधीचं काढू.